एका गाठीचे अनेक वाटेकरी
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त भंडारदरा येथील स्नेहमेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी व्यापारासारखा रुक्ष विषय मांडण्याची आज्ञा मला झाली. 'कापसावरील सरकारी निर्बंध आणि निरनिराळे उद्योग' हा विषय. भंडारदऱ्यात उभे राहून कापसावर बोलणे अनेकांना विचित्र वाटेल. हा मुलूख पावसाचा आणि भाताचा, येथे कपाशीचे बोंड पाहायला मिळणार नाही. परंतु १९१० मध्ये ज्याचे काम सुरू झाले आणि १९२६ मध्ये जे पूर्ण झाले, त्या येथल्या धरणाचे पाणी अकोले, संगमनेर, श्रीरामपूर असा प्रवास करीत नेवासे तालुक्यात प्रवरासंगमाला गोदावरीस मिळते. तेथून पुढे शेवगाव-पाथर्डीकडे गेले की काळी जमीन आणि कपाशी सुरू होते. आपल्या जिल्ह्याचे एक टोक भाताचे, तर दुसरे कापसाचे आहे. आणि अकोले-संगमनेरच्या गोठ्यांतील गाईम्हशींपुढे जी सरकी पेंड पडते, ती कापसाच्याच पोटातून निघते. म्हणून हा विषय परका नाही.

माझ्यापुरता तर तो घरचाच आहे. माझे वडील शेवगावच्या बाजूला कापसाची खेडा-खरेदी करीत. मोठी पेढी नव्हती. एक तराजू, दोन हमाल, उधारीची एक वही आणि शब्दाची पत, एवढेच भांडवल. १९७२ साली आमचा तो तराजू खुंटीला टांगला गेला तो कायमचाच. तो का टांगला गेला आणि त्याने कोणाचे भले वा बुरे झाले, याचा शोध मी पुढे आयुष्यभर घेत राहिलो. त्यातले जे हाती लागले, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम कापसाचा हिशेब समजून घेऊ. शेतकरी विकतो तो सरकीसह कापूस. असा एक क्विंटल कापूस जिनिंगमध्ये घातला की साधारण चौतीस किलो रुई, त्रेसष्ट-चौसष्ट किलो सरकी आणि उरलेली घट निघते. रुईची एक गाठ, म्हणजे गासडी, १७० किलोची. म्हणजे पाच क्विंटल कापूस तेव्हा एक गाठ. बाजारात भाव मात्र खंडीवर बोलला जातो आणि खंडी म्हणजे सुमारे ३५६ किलो, दोन गाठींहून किंचित अधिक.

आता या एका गाठीचे वाटेकरी मोजा. लांब धाग्याची रुई सूतगिरणीकडे जाते. गिरणीतून निघालेले सूत दोन वाटांनी जाते : लडीच्या रूपात हातमागाकडे आणि कोनवर गुंडाळून यंत्रमागाकडे व होजियरीकडे. सोलापूरची चादर व टॉवेल, इचलकरंजी, मालेगाव व भिवंडीचे कापड, तिरुपूरचे बनियन हे सर्व त्या सुतावर जगतात. आखूड धाग्याची रुई आणि गिरणीत पिंजताना-विंचरताना गळालेला कापूस यांतून दवाखान्यातील औषधी कापूस होतो. आपल्या खिशातील नोटेचा कागदही कापसाच्याच तंतूंचा असतो. सरकीतून तेल निघते, तेल काढून उरते ती पेंड. सरकीच्या पाठीवर जी बारीक लव राहते तिलाही गिऱ्हाईक आहे. एवढे वाटेकरी एका झाडाभोवती उभे असताना सरकार कोणताही एक दरवाजा बंद करते, तेव्हा त्याचा धक्का प्रत्येकाला सारखा बसत नाही. एकाचे जे संरक्षण, ते दुसऱ्याचे संकट होते. आजच्या माझ्या सांगण्याचे सार एवढेच आहे. आता त्याचे दाखले पाहू.

पहिला दाखला दीडशे वर्षांपूर्वीचा आहे आणि तो आपल्याच जिल्ह्यात येऊन संपतो. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली आणि इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातील गिरण्यांना येणारा अमेरिकन कापूस अडला. तेथे गिरण्या बंद पडून कामगारांवर उपासमारीची पाळी आली. इकडे मुंबईत मात्र सोन्याचा पाऊस पडला. आपल्या समाजाला ज्यांचा अभिमान वाटतो ते सुरतेचे शेठ प्रेमचंद रायचंद याच काळात कापसाच्या आणि शेअरच्या बाजाराचे अनभिषिक्त राजे झाले. मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी आणि मातोश्रींच्या नावे उभ्या राहिलेल्या राजाबाई टॉवरसाठी त्यांनी दिलेले दान आजही ताठ उभे आहे. परंतु १८६५ मध्ये युद्ध थांबले, नाकेबंदी उठली, अमेरिकेचा कापूस पुन्हा वाहू लागला आणि मुंबईचा बाजार कोसळला. बँका बुडाल्या, पेढ्या बुडाल्या. स्वतः प्रेमचंद शेठही त्या तडाख्यातून सुटले नाहीत.

मुंबईची ही हकीगत सर्वांना ठाऊक असते. तिचा पुढचा भाग आपण सहसा सांगत नाही. तेजीच्या वर्षांत दख्खनच्या खेड्यांत पैसा खेळला, सावकारांनी शेतकऱ्याला सढळ हाताने कर्ज दिले. पुढे भाव उतरले. त्याच सुमारास सरकारने शेतसारा वाढवला होता आणि सावकारांनी हात आखडला. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा उद्रेक झाला आणि तो पाहता पाहता नगर जिल्ह्यातील पारनेर, श्रीगोंदे, कर्जत या भागांत पोहोचला. खतपत्रे आणि वह्या हिसकावून जाळण्यात आल्या. ज्यांच्या वह्या जळाल्या त्यांत बहुसंख्य मारवाडी आणि गुजराती सावकार होते, म्हणजे आपल्यापैकी अनेकांचे पूर्वजच. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी कायदा झाला. दंग्याचे कारण एकटा कापूस नव्हता, हे उघड आहे. परंतु साता समुद्रापलीकडच्या नाकेबंदीने चढवलेला भाव उतरताना आपल्या जिल्ह्यातील शेतकरी आणि सावकार यांच्यातील विश्वासही घेऊन उतरला, हे नाकारता येत नाही. तेजीत कोणाला किती कर्ज द्यावे, याचा विवेक आपल्याही पूर्वजांकडून सुटला होता, ही कबुली आपण आपल्याच व्यासपीठावर दिली पाहिजे.

दुसरा दाखला माझ्या वडिलांच्या तराजूचा. महाराष्ट्र शासनाने १९७१ मध्ये कच्च्या कापसाच्या खरेदी, प्रक्रिया व पणनाचा कायदा केला आणि १९७२-७३ च्या हंगामापासून कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. हेतू चांगलाच होता. व्यापाऱ्यांकडून होणारी पिळवणूक थांबावी, शेतकऱ्याला हमी भाव मिळावा आणि नफ्यातला वाटाही त्याच्याच पदरात पडावा. या हेतूला मी नावे ठेवणार नाही. वजनात मारणारे, कटतीच्या नावाखाली लुबाडणारे, चुकारा महिनोन् महिने लांबवणारे व्यापारी होते. ते नव्हते असे म्हणणे खोटेपणाचे ठरेल. परंतु उपाय असा योजला गेला की, राज्यात कापूस खरेदी करण्याचा हक्क एकट्या शासकीय योजनेला राहिला. व्यापाऱ्याने खरेदी करायची नाही आणि शेतकऱ्यानेही आपला माल राज्याबाहेर न्यायचा नाही. प्रारंभी पणन महासंघाकडे असलेले हे काम १९८४ पासून कापूस उत्पादक पणन महासंघाने पाहिले.

परिणाम कसे झाले पाहा. जिनिंगवाल्यांना स्वतःचा माल उरला नाही. ठरावीक मजुरीवर महासंघाचा कापूस पिंजून द्यायचा, एवढेच काम राहिले. मजुरी ठरलेली असल्यावर नवी यंत्रे कोण बसवणार? रुईत कचरा राहिला, चिंध्या-सुतळ्या राहिल्या. देशभरातील जिनिंग व बाजार-आवारांच्या सुधारणेसाठी २००० साली केंद्राला कापूस तंत्रज्ञान अभियान हाती घ्यावे लागले, त्यामागे अशी अनेक वर्षांची साचलेली दुरवस्था होती. शेतकऱ्याचा अनुभव निराळा. भाव बाहेरच्या राज्यांत उतरलेले असत तेव्हा योजना त्याला आधार देई आणि केंद्रांवर गाड्यांच्या रांगा लागत. एका केंद्रावर आमच्या गावचे एक शेतकरी गाडीखाली चार रात्री झोपले आणि पाचव्या दिवशी माल खालच्या प्रतीत घातला गेला, हे मी लहानपणी त्यांच्याच तोंडून ऐकले आहे. भाव बाहेर चढलेले असत तेव्हा उलट घडे. कापूस रात्रीच्या वेळी सीमा ओलांडून सेंधवा, बऱ्हाणपूर, आदिलाबाद गाठू लागे. ज्याने घाम गाळून पीक काढले, तोच आपला माल चोरासारखा नेत होता.

अशाच एका वर्षी वडिलांकडेही एक प्रस्ताव आला होता. ट्रक तयार होते, नाक्यावरची व्यवस्थाही झाली होती, फक्त गावोगावचा माल गोळा करून द्यायचा होता. गावांत ओळख वडिलांची होती. एका हंगामात आमची सारी उधारी फिटली असती. त्या रात्री वडील प्रतिक्रमणाला बसले आणि सकाळी त्यांनी नकार कळवला. श्रावकाच्या तिसऱ्या व्रताचे, अचौर्याचे, जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत 'विरुद्धराज्यातिक्रम' हा एक आहे. राज्याने घातलेल्या व्यापारी निर्बंधांचे उल्लंघन, असा त्याचा अर्थ आपण करतो. खोटी वजने-मापे आणि भेसळ हे त्याच्याच रांगेतले अतिचार. वडील एवढेच म्हणाले, "काटा खरा ठेवायचा आणि नाका खोटा करायचा, हे जमणार नाही." त्यानंतर ते अखेरपर्यंत पेंड आणि किराणा विकत राहिले.

मात्र सीमेपार कापूस नेणाऱ्या शेतकऱ्याला त्यांनी कधी चोर म्हटले नाही. मीही म्हणत नाही. ज्या कायद्यामुळे प्रामाणिक माणसाला उपाशी राहणे किंवा अतिचार करणे एवढे दोनच पर्याय उरतात, त्या कायद्याच्या कर्त्यांनाही त्या दोषाचा वाटा उचलावा लागेल. शेवटी ती योजनाही आपल्याच ओझ्याखाली वाकली. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात बाजारापेक्षा चढे भाव जाहीर होत गेले, तोटा काही हजार कोटींवर पोहोचला आणि २००२ मध्ये खाजगी खरेदीला पुन्हा वाट मोकळी झाली. तोवर वडिलांचे वय सरले होते.

तिसरा दाखला निर्यातबंदीचा. येथे निरनिराळ्या उद्योगांचे हितसंबंध आरशासारखे स्पष्ट दिसतात. २०१० मध्ये जगात कापसाची टंचाई झाली आणि भाव चढले. एप्रिल २०१० मध्ये केंद्राने कापसाच्या निर्यातीची नोंदणी थांबवली. पुढच्या हंगामासाठी ५५ लाख गाठींची मर्यादा घातली आणि डिसेंबर २०१० मध्ये सुताच्या निर्यातीलाही ७२ कोटी किलोची मर्यादा घातली. कापड व तयार कपड्यांच्या उद्योगाला स्वस्त सूत मिळावे, हा उद्देश होता. परंतु मार्च २०११ पर्यंत रुई खंडीला साठ हजारांवर गेली आणि सूतगिरण्यांनी त्या भावाने साठा केला. सूत बाहेर जाऊ शकत नव्हते आणि देशात तेवढे खपत नव्हते. नंतर रुईचे भाव कोसळले तेव्हा गिरण्यांच्या गोदामात महागड्या रुईचे सूत पडून होते. यंत्रमागवाल्याला थोडे दिवस सूत स्वस्त मिळाले, गिरणी मात्र आजारी पडली. आणि गिरणी आजारी पडली की उद्या सूत कोठून येणार?

यातून बोध घेतला जावा, तोच ५ मार्च २०१२ रोजी कापसाची निर्यात एकाएकी बंद करण्यात आली. चीनने आपल्या राखीव साठ्यासाठी मोठी खरेदी केली होती आणि नव्वद लाखांहून अधिक गाठी देशाबाहेर गेल्या होत्या. गिरणीवाल्यांना ही बंदी हवी होती. परंतु महाराष्ट्र आणि गुजरातमध्ये शेतकऱ्याच्या घरात अजून कापूस शिल्लक होता. तत्कालीन केंद्रीय कृषिमंत्री शरद पवार यांनी, आपल्याला न विचारता निर्णय झाल्याबद्दल उघड नाराजी व्यक्त केली. आठवड्याभरात बंदी मागे घ्यावी लागली. आठवड्याची बंदी म्हणजे किरकोळ गोष्ट, असे कोणी म्हणेल. परंतु त्या आठवड्यात ज्याने घाबरून माल विकला, त्याचे नुकसान बंदी उठल्याने भरून आले नाही.

चौथा दाखला अगदी अलीकडचा आणि दिशेने उलटा आहे. येथे अडवला गेला तो बाहेरून येणारा कापूस. फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पात आयात कापसावर सर्व मिळून ११ टक्के शुल्क बसले. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते संरक्षण होते. २०२२ च्या मे महिन्यात रुई खंडीला एक लाखावर गेली. त्याआधीच १४ एप्रिलपासून सरकारने शुल्क उठवले होते, ते ऑक्टोबरअखेरपर्यंत उठलेलेच राहिले. फेब्रुवारी २०२४ मध्ये अतिलांब धाग्याच्या कापसाला कायमची सूट मिळाली. हा निर्णय मला शहाणपणाचा वाटतो, कारण तो धागा आपल्याकडे फार थोडा पिकतो आणि तलम सुताच्या गिरण्यांना तो हवाच असतो. त्यात शेतकऱ्याचे काही जात नाही. परंतु २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के आयातकर लावला, तेव्हा आपल्या कपडे उद्योगाला दिलासा म्हणून १९ ऑगस्टपासून सर्वच कापसावरील शुल्क उठवले गेले आणि ती मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली गेली. म्हणजे नेमक्या वेचणीच्या आणि विक्रीच्या महिन्यांत. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव त्या हंगामासाठी क्विंटलला ८,११० रुपये जाहीर झाला होता, बाजारात मात्र शेतकऱ्याला त्याहून कमी भाव स्वीकारावा लागत होता. कपडे उद्योगावरचे संकट खरे होते, त्यात शंका नाही. परंतु अमेरिकेच्या कराचे ओझे अखेरीस शेवगाव-पाथर्डीच्या कपाशीवर येऊन बसले.

आता या सर्व दाखल्यांचा एकत्र विचार करू. सुताच्या खर्चात निम्म्याहून अधिक वाटा रुईचा असतो, म्हणून भावातील चढउतार सूतगिरणीला सर्वांत आधी आणि सर्वांत जोरात लागतो. उलट अंगावरच्या शर्टात पाव किलोच्या आसपास रुई असते. खंडी पंचावन्न हजारांची असली तर त्या रुईची किंमत सुमारे ३९ रुपये आणि एक लाखाची झाली तरी ७० रुपये. म्हणजे ग्राहकाला फरक पडतो तो तीसेक रुपयांचा. मधल्या माणसाची स्थिती मात्र बिकट आहे. इचलकरंजीतील खर्चीवाला यंत्रमागधारक दुसऱ्याचे सूत मजुरीवर विणतो. व्यापाऱ्याने बीम देणे थांबवले की त्याचे माग त्याच दिवशी थांबतात. हातमागासाठी गिरण्यांनी ठरावीक टक्के सूत लडीच्या रूपात द्यावे असे बंधन आहे. ते पूर्वी ५० टक्के होते, २००३ मध्ये ४० आणि २०१९ मध्ये ३० टक्के झाले. निर्बंध दुर्बलाच्या बाजूनेही असू शकतो, याचे हे उदाहरण. औषधी कापसाचा छोटा कारखानदार दवाखान्यांना वर्षभराच्या ठरलेल्या दराने माल देतो, त्याला मध्येच भाव वाढवता येत नाही. आणि जिनिंग थंडावले की सरकी कमी, सरकी कमी की पेंड महाग आणि पेंड महाग की आपल्या अकोले-संगमनेरच्या दूध उत्पादकाचा हिशेब चुकतो. ज्याने कपाशी कधी पाहिली नाही, त्याच्या गोठ्यातही निर्बंध पोहोचतो.

म्हणून मला तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, निर्बंध घालायचा वा उठवायचा असेल तर तो पेरणीपूर्वी जाहीर व्हावा. माल घरात आल्यावर नियम बदलणे म्हणजे खेळ सुरू झाल्यावर सीमारेषा हलवणे होय. दुसरी, सर्व कापूस एक मानू नये. आपल्याकडे पुरेसा न पिकणारा धागा आणि आपल्याच शेतात पडून असलेला धागा यांना एकच नियम लावला तर कोणा ना कोणावर अन्याय ठरलेलाच. तिसरी, उद्योगाला मदत द्यायची तर ती शासनाने आपल्या तिजोरीतून द्यावी, शेतकऱ्याच्या भावातून कापून देऊ नये.

आणि एक गोष्ट आपल्या स्वतःसाठी. १८८६ मध्ये वऱ्हाडातील कारंजा येथे देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला. कारंजा हे आपल्या समाजाचेही जुने केंद्र आहे. तो बाजार नियंत्रित करावा लागला, याचे कारण मोकळ्या बाजारात मापे खरी राहत नव्हती. १८७५ च्या जळालेल्या वह्या, १८८६ चा बाजार आणि १९७२ चा एकाधिकार या तिन्हींच्या मुळाशी व्यापाऱ्यावरचा अविश्वास आहे. सरकारचे सर्वच निर्बंध आपल्या चुकांतून आले असे नाही. परंतु जेथे काटा खरा असतो, चुकारा वेळेवर होतो आणि प्रतीत मिसळ नसते, तेथे निर्बंध मागणाऱ्यांचा आवाज आपोआप क्षीण होतो.

वडिलांचा तो तराजू मी आजही जपून ठेवला आहे. त्याची दांडी अजून समतोल राहते. कायदे येतात, जातात, पुन्हा येतात. आपल्या हाती असते ते दांडी समतोल ठेवणे. आपल्या ट्रस्टने पन्नास वर्षे समाजाचा विश्वास राखला, ही त्याच समतोलाची साक्ष आहे. पुढील वाटचालीस मनःपूर्वक शुभेच्छा देतो. बोलण्यात कोणाचे मन दुखावले असल्यास मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र.